चालत्या कॉम्प्युटरला म्हातारा कोणी ठरवायचं?

जुनाखोड:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा लॅपटॉप २०१२ चा आहे. तिसऱ्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी केलीय, मूळची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलीय, बॅटरी दोनदा बदलली, कीबोर्ड एकदा. बिजागरी करकरते, पण माझीही करकरतात. बाकी पत्रं, हिशेब, फोटो, व्हिडिओ, थोडंफार प्रोग्रॅमिंग, सगळं त्याच्यावर बिनबोभाट चाललेलं असतं. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे सगळ्यांना माहीतच आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे १३ तारखेला जे यंत्र धडधाकट होतं ते १५ ला निकालात निघालं, आणि मधल्या दोन दिवसांत त्याच्या आतला एक स्क्रूसुद्धा सैल झालेला नाही.

मी १९९० पासून या यंत्रांच्या संगतीत आहे, डॉसवर शिकलो. यंत्रं तेव्हाही म्हातारी व्हायचीच, पण अंगाने व्हायची. पंख्याचं बेअरिंग घरघरायचं, फ्लॉपी ड्राइव्हचं हेड मळायचं, हार्ड डिस्कने टकटक सुरू केली की काय समजायचं ते समजून त्याच रात्री बॅकअप घ्यायचा. २००० नंतरची काही वर्षं मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगायची साथच होती, वरचं सपाट झाकण घुमटासारखं वर यायचं, कधी फुटून तपकिरी चिकट रस बाहेर, असे मी सोल्डरिंग गन घेऊन किती बदललेत त्याची मोजदाद नाही. पण ते दुखणं डोळ्याला दिसायचं आणि त्यात हात घालता यायचा. आताचं म्हातारपण दिसतच नाही, ते यंत्राच्या आत नसतंच मुळी.

परवाचीच गंमत सांगतो. माळ्यावरचा एक जुना डेस्कटॉप काढला, पुसला, चालू केला तर पहिल्या झटक्यात सुरू. पण एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही'. अर्धा तास केबल बदल, राउटर बंद-चालू कर, सगळं झालं. मग खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तिथे १ जानेवारी २००७! मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल असतो ना, सीआर२०३२, तो मेलेला. ३ व्होल्टचा सेल मीटरवर १.९ दाखवत होता. यंत्र २००७ मध्ये जगतंय आणि समोर येणारं प्रत्येक सर्टिफिकेट (म्हणजे साइटचं ओळखपत्र) त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही, मग ते बिचारं विश्वास कसा ठेवणार. सेल बदलला, तारीख घातली, तरी अर्ध्या साइट रुसलेल्याच, कारण कुणावर विश्वास ठेवायचा याची त्याच्यातली यादी जुनी. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट, म्हणजे मुळातलं, सर्टिफिकेट संपलं ज्यावर लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या असंख्य साइट उभ्या होत्या, तेव्हा कितीतरी चांगली चालणारी उपकरणं एका रात्रीत आंधळी झाली होती, हा त्यातलाच प्रकार. सेल मी बदलू शकलो. यादीसुद्धा बदलू शकलो, कारण त्यात लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मुक्त सिस्टिम) होतं. नसतं तर?

आणि हे फक्त जुन्या यंत्रांपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. माझा प्रिंटर एका रात्रीत स्वतःच अपडेट झाला आणि सकाळी म्हणतो ही कार्ट्रिज मला चालणार नाही. आदल्या दिवशी त्याच कार्ट्रिजवर १२ पानं छापलीत मी. पैसे माझे, टेबल माझं, वीज माझी, आणि नाही म्हणणारा तिसराच.

तर प्रश्न असा की हा माझा म्हातारहट्ट आहे का? घरातल्यांचं म्हणणं तेच आहे. नवीन घ्या आणि सुटा. मला नवीन घेण्याचं दुःख नाही हो, घेईन, पण 'आता पुरे' हे मी म्हणावं असं वाटतं. तुम्ही लोक रेघ कुठे मारता?

कर्नलपॅनिक:

काका, भावना पोचल्या, पण मी रोज दुसऱ्या बाजूला बसतो (सर्व्हर आणि नेटवर्क सुरक्षा हेच काम) म्हणून थोडं कडू बोलतो, ह. घ्या.

यंत्रात काही बिघडलं नाही हे खरं, पण बाहेर बिघडलंय ना. सपोर्ट संपणं म्हणजे यंत्र संपणं नाही, यापुढे सापडणारी भोकं कुणी बुजवणार नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि भोकं सापडायची थांबत नाहीत. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, दोन महिने आधी, आणि ज्यांनी ती टाकली नव्हती ते झोपले. यात गंमत अशी की सगळे जुन्या विंडोज एक्सपीच्या नावाने ओरडत होते पण सर्वात जास्त मार बसला तो विंडोज ७ ला, ज्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता! म्हणजे दुरुस्ती मिळणं आणि ती टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट बंद करून ठेवणाऱ्या मंडळींना मी हे नेहमी सांगतो, स्वातंत्र्य म्हणून अपडेट बंद करता आणि मग तुमचं यंत्र रात्रभर दुसऱ्याच कुणाच्या तरी हुकुमावर स्पॅम पाठवत बसतं, हे कसलं स्वातंत्र्य राव.

टीपीएमलाही उगाच राक्षस करू नका. ती एक चिप आहे, आत किल्ल्या ठेवते, बाहेर काढू देत नाही, डिस्क एन्क्रिप्ट करायची तर फार उपयोगी, लिनक्सवरही वापरता येते. किल्ली कुणाच्या हातात आहे हा प्रश्न वेगळा आणि तो बरोबर आहे.

आणि मुक्त सॉफ्टवेअरवाले जुन्याला कायम सांभाळतात हा पण एक गोड गैरसमज. लिनक्स १९९१ ला जन्मलं तेच मुळी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर, आणि २०१३ मधल्या ३.८ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्याच ३८६ चा सपोर्ट काढून टाकला. जन्मघर पाडलं म्हणा ना. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्यात ३२-बिट इंटेलसाठी इन्स्टॉलरच नाही. सांभाळायला माणसं लागतात, माणसं नसली की संपलं, कंपनी असो नाहीतर स्वयंसेवक.

तुमच्या २०१२ च्या लॅपटॉपवर बिनधास्त लिनक्स टाका, ६४-बिट आहे, ८ जीबी आहे, पळेल. विंडोज १० वरच राहायचं असेल तर घरगुती वापरासाठी जादा मुदतीची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. पण नुसतं 'चालतंय की' म्हणून नेटवर ठेवू नका. आजारी यंत्र शेजाऱ्यांनाही लागण करतं.

तिसरीघंटा:

पॅनिकशी बऱ्यापैकी सहमत. आणि काकांच्या 'पूर्वी हात घालता यायचा' या सुराला माझा थोडा विरोध आहे. मीही १९९३ पासून आहे. पूर्वी काय स्वातंत्र्य नांदत होतं का? डोंगल विसरलात? प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला एक ठोकळा लावायचा, त्याच्यावर प्रिंटरची केबल लावायची, आणि तो ठोकळा असेल तरच प्रोग्रॅम सुरू व्हायचा. माझ्याकडे एका ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची असली डोंगल अजून आहे, सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलेलं, डोंगल शाबूत, सीडी शाबूत, पण पॅरलल पोर्ट असलेलं यंत्रच राहिलं नाही. फ्लॉपीला तर मुद्दाम खराब सेक्टर असायचे, कॉपी केली की ओळखू यायचं. फाइलींचे फॉरमॅट म्हणजे तर कुलूपबंद पेट्या, एकाची फाइल दुसऱ्यात उघडली तर उघडली.

ज्या प्रिंटरने तुमचा मेंदू तापवला त्याच जातीच्या प्रिंटरवरून ही सगळी भानगड सुरू झाली हे पण बघा. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर आला, कागद अडकायचा, तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच करायचं होतं की कागद अडकला की लोकांना निरोप जावा. आधीच्या प्रिंटरला त्यांनी ते केलं होतं. नव्याचा सोर्स कोड मागितला तर मिळाला नाही, ज्याच्याकडे होता त्याने कुणाला देणार नाही असं लिहून दिलं होतं. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला त्याच्या मुळाशी ही चीड होती. म्हणजे ४० वर्षांपूर्वीही तक्रार हीच. जुना काळ चांगला होता असं नाही, आपण तेव्हा तरुण होतो.

मला खरा बदल एकच वाटतो. पूर्वीचं कुलूप एकदा काय ते लागायचं, खरेदीच्या दिवशी, आणि ते कसलं आहे हे माहीत असायचं. आता विकत घेतल्यावर सहा महिन्यांनी लावता येतं. तुमचा प्रिंटर बघा, दुकानातून आला तेव्हा त्याला ती कार्ट्रिज चालत होती.

पासवर्डविसरले:

सगळं वाचलं. माझा अनुभव तुमच्या कुणाइतका नाही, मी आपली साधी वापरकर्ती आहे, आणि खरं सांगू का, हे वाचताना थोडा राग आला. काका, तुमच्याकडे मीटर आहे, सोल्डरिंग गन आहे, लिनक्स येतं. ज्यांना यातलं काहीच येत नाही त्यांनी स्वातंत्र्याचं करायचं काय? मला फक्त फोटो सुरक्षित राहायला हवेत आणि काल चाललेलं आज चालायला हवं. त्यासाठी मी शिकत बसू का नोकरी करू का घर बघू? नवीन घ्या आणि सुटा म्हणणाऱ्या तुमच्या घरच्यांची मला फार दया येते :)

पण एक गोष्ट आहे ज्यात मीही अडकलेय, आणि ती विचारायला हा धागा बरा आहे. माझे वडील बुद्धिबळ खेळायचे आणि डावांवर टिपणं लिहायचे, १९९७ ते २००३ अशी सहा-सात वर्षं कॉम्प्युटरवर मराठीत टाइप केलेली. आधी फ्लॉपीवर होती, मग भावाने सीडीवर घेतली, तिथून पेनड्राइव्हवर आली, त्यामुळे फाइली आहेत, सगळ्या उघडतात सुद्धा. पण आत मराठी नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, मध्येच टक्के. सगळी ३०० पानं तशी. एका मुलाला दाखवलं तर म्हणाला फाइल करप्ट आहे, सोडून द्या. बाबा आता नाहीत. मला सोडून द्यायचं नाहीये. याचं काही होईल का?

जुनाखोड:

ताई, आधी तुमचं घेतो, बाकीच्यांना नंतर.

फाइल करप्ट नाही. अजिबात नाही. तुमच्या बाबांनी टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तिथे आहे, फक्त ते चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा म्हणजे तेव्हाचा फॉन्ट. युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारं प्रमाण) सर्रास वापरात यायच्या आधी मराठी टाइप करायची रीत अशी होती की फाइलमध्ये जायची इंग्रजीचीच अक्षरं, आणि फॉन्टमध्ये त्या त्या अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून ठेवलेला असायचा. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी चाललंय, आपल्याला दिसायचं मराठी. प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी. देवनागरीसाठी १९९१ मध्ये इस्की नावाचं प्रमाण होतं, युनिकोडचीही पहिली आवृत्ती त्याच वर्षीची आणि त्यात देवनागरी होती, पण बाजार चालला फॉन्टवर. फॉन्ट विकत घेतलेला, त्यालाही कधी कधी डोंगल (तिसरीघंटांना नमस्कार), आणि यंत्र बदललं की फॉन्ट गेला आणि फॉन्टबरोबर लिहिलेलं गेलं. माझ्या मते आपल्या भाषेत सगळ्यात मोठी गळती इथे झालीय, लोकांची लेखनं आहेत पण वाचता येत नाहीत.

आता करायचं काय. मूळ फाइलींना हात लावू नका, त्यांची एक प्रत बाजूला काढून ठेवा. मग त्याच सीडीवर किंवा जुन्या यंत्रावर फॉन्टची फाइल शोधा, शेवटी टीटीएफ असलेली. ती मिळाली की अर्धी लढाई जिंकली, फॉन्ट बसवायचा, फाइल लिबरऑफिसमध्ये उघडायची (फुकट ऑफिस सॉफ्टवेअर, जुने कितीतरी फॉरमॅट ते उघडतं) आणि सगळं सिलेक्ट करून तो फॉन्ट द्यायचा. बाबा जसं बघायचे तसं समोर येईल. लगेच पीडीएफ करून ठेवा, त्यात फॉन्ट आतच बसतो, मग तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावरही वाचता येईल.

त्यानंतर युनिकोडमध्ये आणायचं. प्रत्येक फॉन्टचा तक्ता असतो, या इंग्रजी अक्षराच्या जागी हा देवनागरी तुकडा, नेटवर बऱ्याच फॉन्टांचे कन्व्हर्टर मिळतात. पण मेख कुठे आहे सांगतो. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने असतात, टाइपरायटरसारखी. 'किती' लिहायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. युनिकोडात उलटं, आधी क मग वेलांटी. रफाराचं त्याच्याही उलट, 'सर्व' जुन्यात स, व आणि शेवटी वर रफार, युनिकोडात मात्र र व च्या आधी यायला हवा. शिवाय ग म्हणजे अर्धा ग अधिक काना असे दोन तुकडे असू शकतात. साधा शोधा-आणि-बदला केला तर वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसतात. तेव्हा आधी एकच पान करून बघा. बुद्धिबळाचंच लिखाण आहे तर 'किल्लेकोट' (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) हा शब्द नक्की असेल, त्यात पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आणि पुढे जोडाक्षर आहे, तो नीट आला तर बहुतेक सगळं नीट येईल. फॉन्टचं नाव कळवा, तक्ता मी बनवून देतो. मला तेवढंच काम.

आणि तुमच्या रागाबद्दल. खरंय. मला येतं म्हणून मी बोलू शकतो, मला हे कळायला धागा काढावा लागला.

शून्यएक:

काका दंडवत. वेलांटीचं वाचून मजा आली, मी युनिकोडच्या नंतरचा, मला वाटायचं मराठी असंच टाइप होत होतं पहिल्यापासून.

मी फोनचं बोलतो कारण तुम्ही सगळे लॅपटॉपवर अडकलाय आणि माझ्या पिढीचा कॉम्प्युटर म्हणजे फोनच. लॅपटॉपवर तुम्ही निदान पेनड्राइव्ह लावून दुसरी सिस्टिम टाकू शकता, फोनचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुलूपबंद असला की विषय कट, हार्डवेअर कितीही दणकट असू दे. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की अँड्रॉइडवर ज्याने स्वतःची ओळख पटवून नोंदणी केलीय त्याच डेव्हलपरचं ॲप बसेल, प्ले स्टोअरच्या बाहेरून आणलेलं असलं तरी. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड या चार देशांत आणि मग २०२७ पासून पुढे बाकीकडे. ओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये म्हणाले की जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू. मी स्वतः दोन छोटी ॲप लिहिलीत, एक माझ्या आजीसाठी, ज्यात फक्त चार मोठी बटणं आहेत, ती कुठल्याही स्टोअरवर नाही आणि जाणारही नाही. आजीच्या फोनवर आजीच्या नातवाचं ॲप टाकायला तिसऱ्याला ओळखपत्र दाखवायचं? आणि त्याला 'साइडलोडिंग' म्हणतात, जणू काही मागच्या दाराने चोरून आणलंय. कॉम्प्युटरवर यालाच आपण 'इन्स्टॉल करणे' म्हणायचो ना?

पॅनिकदादा म्हणतील फसवी ॲप असतात. असतात, माझ्या मामाला गंडा बसलाय तसल्याच एकाने, मी नाकारत नाही. पण इशारा देणं वेगळं आणि दार भिंतीत चिणून टाकणं वेगळं.

गेमचं पण तेच. 'द क्रू' नावाचा रेसिंगचा गेम २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि गेमच बंद, एकट्याने खेळायचा म्हटला तरी नाही. विकत घेतलेला लोकांनी. त्यावरून युरोपात सह्यांची मोहीम निघाली आणि जुलै २०२५ मध्ये १० लाखांच्या वर सह्या झाल्या. पुस्तकांचं तर २००९ मध्येच झालंय, ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून लोकांनी घेतलेली पुस्तकं कंपनीने लांबूनच पुसली, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत दिले, नंतर माफी पण मागितली. आणि पुस्तकं कुणाची तर जॉर्ज ऑर्वेलची, ज्यांच्या '१९८४' कादंबरीत सरकारच जुनं लिखाण पुसतं! असं कथेत लिहिलं तर लोक म्हणतील अति झालं.

आशेचं पण सांगतो, नुसतं रडगाणं नको. युरोपियन युनियनचा नियम आहे, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकायच्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यायला हवी, काही अपवाद सोडून. आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल गोष्टीला 'विकत घ्या' म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. मला हे आवडलं कारण निदान शब्द तरी खरा वापरा.

कर्नलपॅनिक:

@शून्यएक, मामांचं वाचून वाईट वाटलं. दार चिणू नये हे मलाही मान्य आहे, फक्त दाराची कडी आजीच्या हाताला सहज लागेल अशी नको. त्या चार बटणांच्या ॲपचा कोड कुठे टाकलायस का? माझ्या आईला हवंय.

तिसरीघंटा:

अवांतर: रॅमचा हिशेब कुणीतरी मांडा. विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी रॅम लागायची, विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी. हजारपट! आणि पत्र तेच, स. न. वि. वि. सकट. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस वर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जितकं वेगवान होतं त्याहून लवकर सॉफ्टवेअर मंद होतं. काकांचा लॅपटॉप म्हातारा झाला नाही, आजच्या वेब पानांचं वजन वाढलंय. एक बातमी वाचायला टॅब उघडावा तर पंखा सुरू होतो.

जुनाखोड:

उशीर झाला उत्तर द्यायला, गेले तीन आठवडे दोन कामात होतो.

पॅनिक, तुमचं ऐकलं. लॅपटॉपवर डेबियन १३ टाकलं. आधी दोन दिवस पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं, वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं. स्कॅनर काही न करता ओळखला, ज्या स्कॅनरला विंडोजवर ड्रायव्हर मिळणं बंद होऊन जमाना झाला. प्रिंटर मात्र तिथेही तस्साच अडून बसलाय, त्याचा हट्ट त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. एक जुना हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नाही, त्याच्यासाठी जुनी सिस्टिम दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलीय आणि तिला नेट दिलेलं नाही. शेजाऱ्यांना लागण होणार नाही, काळजी नसावी.

तुमचा ३८६ चा टोला मात्र बरोबर बसला, दोन दिवस डोक्यात होता. सपोर्ट तिथेही काढतातच. पण फरक मला असा सापडला की तिथे तो का काढला याची चर्चा मी वाचू शकतो, जुना कोड अजून तिथेच पडलेला आहे, आणि उद्या मला किंवा आणखी चार वेड्यांना वाटलं तर तो उचलून चालवायला कुणाची परवानगी लागत नाही. करणार नाही मी, एवढी उमेद नाही. तिसरीघंटा, तुमचं 'आपण तेव्हा तरुण होतो' हे मनाला लागलं, आणि खरेदीनंतर लागणाऱ्या कुलपाचा मुद्दा तर मी घरी जसाच्या तसा वापरला. घरचे म्हणाले, मग नवीन प्रिंटर घ्या.

रेघ कुठे मारायची याचं माझ्यापुरतं उत्तर असं ठरलंय, यंत्र नवीन का जुनं हे बघायचं नाही, मी लिहिलेलं माझ्या हयातीनंतर दुसऱ्या कुणाला उघडता येईल का तेवढं बघायचं. हे डोक्यात आलं ते ताईंच्या फाइलींमुळे. रात्री बसून माझ्या स्वतःच्या १९९४ पासूनच्या फाइली चाळल्या, त्यातल्या ६० च्या वर मलाच उघडता आल्या नाहीत. इतकी वर्षं लोकांना बॅकअप घ्या म्हणून सांगत आलो आणि बॅकअप होताच, तीन तीन ठिकाणी.

ताई, तक्ता पाठवलाय, बघितलात का?

पासवर्डविसरले:

बघितला काका! कालच करून पाहिलं, भाऊ पण आला होता. फॉन्ट त्या सीडीवरच एका फोल्डरमध्ये होता, इतकी वर्षं. आधी नुसता फॉन्ट देऊन उघडलं तर पहिल्याच पानावर बाबांनी वर तारीख घालून लिहिलंय 'आज पुन्हा हरलो, पण घोडा चांगला खेळवला'. आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही.

पीडीएफ करून ठेवल्यात सगळ्यांच्या. मग तुमच्या तक्त्याने युनिकोडमध्ये आणलं, भावाने तुम्ही सांगितलं तसं चालवलं, मी शेजारी बसून तपासलं. 'किल्लेकोट' एकूण ४१ वेळा आलाय, ३८ ठिकाणी बरोबर. उरलेल्या तीन ठिकाणी वेलांटी आधीच्या शब्दाच्या शेवटी जाऊन चिकटलीय, तिथे बाबांनीच मध्ये जागा सोडायची राहिलीय असं दिसतं. 'उंट' चा अनुस्वार मात्र बऱ्याच ठिकाणी उडालाय आणि 'क्ष' च्या जागी कुठे कुठे चौकोन येतोय. चौकोनवाल्या ओळींची यादी करून पाठवते, तक्त्यात काय घालायचं ते सांगा. त्या तीन वेलांट्या मी हातानेच नीट करतेय.